दिवाळीची मेस

अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून सांगायला संपादक घरी आले, तेव्हा मी पहिलं विचारलं, "किती माणसांचं?" आचाऱ्याची सवय. माणसं कळल्याशिवाय मी पातेलं खाली काढत नाही. ते हसले. आमच्याच वसतिगृहात राहून शिकलेले, माझ्या हातचं खाऊन मोठे झालेले, म्हणून नाही म्हणता आलं नाही. विषयही त्यांनीच दिला: विद्यापीठ आणि सामाजिक न्याय. मी म्हणालो, "साहेब, माझी शाळा चौथीपर्यंत. मी मेसचं सांगतो. त्यात तुमचा न्याय सापडला तर काढून घ्या, न्हाईतर राहू द्या."

भिंगारला माझं घर. वडील लष्कराच्या लंगरात आचारी होते, तिथं कांदे सोलत सोलत मी धंदा शिकलो. पुढं नगरच्या बाहेर माळावर एका संस्थेचं कॉलेज निघालं, त्याच्या वसतिगृहाच्या मेसवर लागलो. कॉलेजचं विद्यापीठ झालं. कमान मोठी झाली, प्राचार्यांच्या जागी कुलगुरू आले. माझी पातेली तीच राहिली. निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होतो, आणि शेवटची बरीच वर्षं माझी बायको कौसा माझ्या शेजारी भाकरीच्या चुलीवर होती. ती गेल्या वर्षी श्रावणात गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे मला थांबावं लागणार नाही.

लोकांना वाटतं, चार माणसांची आमटी येत असली की चारशे माणसांची येते, सगळं शंभर पटीनं टाकायचं. तसं करून बघा, पोरं ताट तुमच्या अंगावर टाकतील. पाणी पटीत वाढतं, डाळ जवळजवळ पटीत वाढते, मीठ नाही आणि तिखट तर मुळीच नाही. मोठ्या पातेल्यात तळाची आमटी एक असते आणि वरची दुसरी. उलथनं तळापासून फिरवलं नाही तर पहिल्या रांगेला पाणी मिळतं आणि शेवटच्या रांगेला गाळ. माझ्या धंद्यातलं खरं कसब म्हणाल तर एवढंच, तळ ढवळणं.

दुसरं म्हणजे आचाऱ्यानं भरलेल्या ताटाकडे बघू नये, परत आलेल्या ताटाकडे बघावं. कोण काय टाकतो, कोण ताट चाटूनपुसून ठेवतो आणि तरी उठताना भाकरीच्या टोपलीकडे बघतो. चाटून ठेवलेलं ताट बघून नवा आचारी खूश होतो. जुना आचारी म्हणतो, हे पोरगं उपाशी उठलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची आली. एका मुलाचे वडील त्याला सोडायला आले तेव्हा सरळ भटारखान्यातच शिरले.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे शंकर."

"ते झालं. आडनाव?"

"आडनाव आमी भाजीत घालीत न्हाई. कांदा, लसूण, खोबरं, एवढंच घालतो."

ते तणतणत प्राचार्यसाहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना समजावलं की काय केलं देव जाणे, पण मुलगा राहिला. शिक्षण संपवून जाताना तो माझ्याकडून आमटीची कृती लिहून घेऊन गेला. पुढं भेटायला आलेल्या वडिलांना आवडली म्हणाला. मी त्याला मिठाचं माप मुद्दाम सांगितलं नाही.

भाकरीवरून तर भांडणच झालं. मेसवर आधी फक्त चपाती असायची. पाथर्डी-शेवगावकडची पोरं, बाजरीवर वाढलेली, चपात्यांची चवड संपवायची आणि तासाभरात पुन्हा भुकेली. मी भाकरी ठेवू म्हणालो तर मेसच्या मीटिंगमध्ये काही पोरं म्हणाली, विद्यापीठाच्या मेसवर भाकरी म्हणजे गावंढळ दिसतं. मी म्हणालो, "दिसायला न्हाई, खायला ठिवतोय." पण चारशेंच्या मेसवर भाकरी थापणार कोण? मी कौसाला घेऊन आलो. तिनं पहिल्या दिवशी मागच्या शेडमध्ये चूल घातली. धूर पुढे गेला, वास पुढे गेला, आणि ज्यांना गावंढळ वाटत होतं तीच पोरं रांग मोडून मागं आली. कौसा त्यांना म्हणाली, "रांगंत ऱ्हावा. गावंढळांचा नंबर आधी हाय." त्या दिवसापासून ती सगळ्यांची मामी झाली. मामा मी आधीपासूनच होतो, पण माझ्याशी पोरं भाजीपुरतं बोलायची. तिच्याशी सगळं बोलायची.

सगळंच जमलं असं नाही. एक फासेपारध्याचा पोरगा आला होता, हुशार, ताट स्वतः धुवायच्या आधी शेजारच्याचं धुणारा. कुणाचाही मोबाईल दिसेना झाला की सगळ्यांची मान त्याच्याकडे वळायची. कोणी बोलायचं नाही, नुसती मान. मोबाईल नंतर सापडायचा, कधी गादीखाली, कधी क्रिकेटच्या किटमध्ये. सापडला हे त्याला मात्र कोणी सांगायचं नाही. एका सकाळी तो चहा न पिता गेला तो गेलाच. मेस चांगली होती, तरी गेला. अन्नानं सगळं होतं असं म्हणणाऱ्या माणसाला मी त्या पोराचं नाव सांगतो.

आता दिवाळीचं.

आमच्याकडे रीत अशी, वसुबारसेच्या दिवशी सकाळचा नाष्टा झाला की वसतिगृह बंद. रेक्टर मॅडम किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोल्या तपासायच्या, मी गॅस बंद करून पाण्याची मोटार बंद करायचो, पोरंपोरी बॅगा ओढत एसटीला जायची. वर्षानुवर्षं असंच. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, मलाही नाही. दिवाळीला माणूस घरी जातो. यात विचारायचं काय?

धनत्रयोदशीला मी आणि कौसा मेसवर यायचो. वर्षातून तेवढेच दिवस भटारखाना रिकामा, तेव्हा मोठी पातेली चिंच आणि राखेनं घासून काढायची. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या त्या धनत्रयोदशीला दुपारी कौसा गहू वाळत घालायला मुलींच्या वसतिगृहामागच्या फरशीवर गेली आणि तशीच परत आली.

"अवो, वरच्या मजल्यावरच्या कडंच्या खोलीला कुलूप हाय ना?"

"सगळ्याच खोल्यांना हाय."

"मग खिडकीत आतल्या अंगाला टावेल कुनाचा?"

"राहिला आसंल एखादीचा."

"वला हाय. पानी गळतंय."

मी पातेलं तसंच टाकून तिच्यामागं निघालो. मुलींच्या वसतिगृहात आम्हा पुरुषांना पाय ठेवायची बंदी, म्हणून मी जिन्याखाली थांबलो आणि कौसा वर गेली. तिचा आवाज खाली ऐकू येत होता.

"कोन हाय गं आत?"

तिनं दारावर थाप मारली.

"मी मामी हाय. भाकरीवाली."

मग बऱ्याच वेळानं एक बारीक आवाज. "मामी, कुणाला सांगू नका."

दाराखालून किल्ली बाहेर आली.

आशा तिचं नाव. पाथर्डीच्या बाजूची, दुसऱ्या वर्षाला होती. मैत्रिणीनं जाताना बाहेरून कुलूप लावलं होतं आणि किल्ली दाराखालून आत सरकवली होती, म्हणजे तपासणीत खोली रिकामी दिसावी. मागच्या गॅलरीतून न्हाणीघरात जाता यायचं. खायला बिस्किटं, केळी आणि गावाकडच्या शेंगा. दिवा लावायचा नाही, मोबाईलचा आवाज बंद. अशी तिची दुसरी दिवाळी चालली होती.

कौसा तिला खाली भटारखान्यात घेऊन आली, पुढ्यात गरम भात ठेवला आणि विचारलं, "घर न्हाई का तुला?"

"हाय की. कुलूप हाय त्याला."

तिचे आईवडील ऊस तोडायला जाणारे. दसरा झाला की ट्रक भरून निघायचे, ते पार कोल्हापूरकडच्या कारखान्यावर. म्हातारं माणूस घरी कोणी उरलं नव्हतं. दिवाळीत त्यांचं घर म्हणजे परक्याच्या शिवारात उसाच्या पाचटाची कोप, झोपडीच.

"मग तिकडं जायाचं," मी म्हणालो. "आईबाप तं हायेत."

आशानं माझ्याकडे बघितलं नाही. कौसाकडे बघून बोलली. "मामी, तिकडं गेले तर परत न्हाई यायची. टोळीच्या मुकादमाचा भाचा बघून ठिवलाय माझ्यासाठी. नवरा-बायको जोडीनं तोडतात, त्याला एक कोयता म्हनत्यात. एकटा मानूस अर्धा कोयता. तो अर्धा, मी अर्धी. वडील मला परत धाडतील, पर मुकादमापुढं त्यांचं चालत न्हाई. मी दिसले न्हाई तर इषय टळतो. दिवाळी टळली की झालं, मग परीक्षा येती."

कौसानं तिच्या भातावर तूप वाढलं. बाहेर पाठवायची तर फाटकावरचा वॉचमन बघणार, आमच्या घरी न्यायची तरी तेच.

"मग आमीच हितं येतो," कौसा म्हणाली. मला विचारलं वगैरे नाही.

त्या वर्षी आमची दिवाळी मेसवर झाली. घरचा सोऱ्या, भाजणीचं पीठ, सगळं तिनं माझ्या सायकलवर लादलं. तिची चकली ही काय चीज होती ते खाल्लेल्यांनाच माहीत. भाजणीत तेलाचं मोहन कडकडीत घालायची, पीठ गार पाण्यात भिजवायची नाही, आणि चकली कढईत सोडल्यावर बुडबुडे बसेपर्यंत हात लावायची नाही. भटारखान्याचा पंखा चालू झाला आणि वास सुटला. तो वास दोन्ही वसतिगृहांवरून फिरून आला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मुलांच्या बाजूच्या दोन खिडक्या उघडल्या.

एक डोकं रूपसिंगचं. नंदुरबारकडच्या डोंगरातला, गावाला जायचं तर जाण्या-येण्यातच सुट्टी संपायची. दुसरं डोकं सोपानचं. एका पायानं अधू, दिवाळीच्या गर्दीत एसटीत चढायला जमत नाही म्हणून राहिलेला. दोघांनाही बाहेरून कुलूप. दोघांनीही सगळ्यांना सांगितलेलं, मामाच्या गावाला जातोय म्हणून. आणि गंमत अशी की एकाच मजल्यावर राहून एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. माणूस भूक सांगतो, पण घरी जाता येत नाही हे सांगत नाही.

"मामी, वास लई सुटलाय," रूपसिंग वरून म्हणाला.

"मग किल्ली टाक खाली," कौसा म्हणाली.

चौघापाचजणांची पंगत बसली. आणखी एक-दोघं निघाले, त्यांची नावं इथं घेत नाही, त्यांना अजून आवडणार नाही.

वॉचमनलाही वास गेलाच. सुट्टी संपली आणि रेक्टर मॅडमनी मला बोलावलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांचं बोलणं खरंच होतं. "मामा, बंद इमारतीत मुलगी एकटी. आग लागली असती, काही झालं असतं, तर तिच्या वडिलांना मी काय उत्तर दिलं असतं?"  पण नियमाप्रमाणे आशाची खोली काढून घ्यायचं ठरत होतं. खोली गेली की आशाचं शिक्षण गेलं. नगरात खोली करून राहायची तिची ऐपत नव्हती. म्हणजे उसाचा फड. म्हणजे अर्ध्याचा पूर्ण कोयता.

तिची खोली काढायची की नाही, आणि मी परवानगीशिवाय मेस का चालवली, या दोन्हीसाठी समिती बसली. तेव्हा विद्यापीठात 'समान संधी कक्ष' नवा निघाला होता. त्याचे प्रमुख शिंदे सर, तरुण माणूस, तळमळीचा. कार्यक्रम खूप घ्यायचे. त्यांची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत, कारण भाषणानंतरचा चहा माझ्याकडे असायचा. त्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला शिंदे सर, मॅडम आणि कुलसचिव, दुसऱ्या बाजूला मी आणि कौसा. कौसानं पदर सारखा करून आधीच सांगितलं होतं, "तुमी जास्त बोलू नका. तुमी बोलला की काम बिघडतं."

शिंदे सर म्हणाले, "मॅडम, मुळात दिवाळीत वसतिगृह बंद का असतं?"

"मेस बंद असते म्हणून," मॅडम म्हणाल्या. "मुलांना जेवायला नाही तर ठेवणार कसं?"

"आणि मेस का बंद असते?"

"आचारी सुट्टीवर जातात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी कंदी सुट्टी मागितली?" मी म्हणालो. "वसतिगृह बंद म्हनून मी मेस बंद करतो. पोरंच न्हाईत तर जेऊ कुनाला घालू?"

 मग कुलसचिवच हसायला लागले, त्यांच्यामागोमाग मॅडम, मग मी. इतकी वर्षं मॅडम मेसमुळे वसतिगृह बंद करत होत्या आणि मी वसतिगृहामुळे मेस. दोघंही एकाच आवारात, रोज एकमेकांना नमस्कार करत. कौसा तेवढी हसली नाही.

"हसून झालं आसंल तर पोरीचं बोला," ती म्हणाली.

खोली राहिली. पुढच्या दिवाळीपासून मेस चालू ठेवायची असंही ठरलं. मॅडम स्वतः म्हणाल्या, पहिले दोन दिवस मी थांबते, सासूबाईंना काय सांगायचं ते बघते. इथंच सगळं संपलं असतं, पण शिंदे सरांना उत्साह आला. त्यांनी 'वंचित विद्यार्थ्यांसोबत दिवाळी' असा फलक करायचं काढलं. राहणाऱ्या मुलांची यादी सूचनाफलकावर, कुलगुरूंच्या हस्ते फराळवाटप, फोटो. मनात वाईट काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. चांगलं काम दाखवावं असं कुणाला वाटत नाही?

आशा भटारखान्यात आली आणि कौसाला एवढंच म्हणाली, "मामी, माझं नाव त्या फळ्यावर लागलं, तर त्यापरीस मी फडावर जाते. तिथं निदान कुनी फोटो काढीत न्हाई."

कौसानं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि तशीच पिठाच्या हातानं शिंदे सरांच्या खोलीत गेली. मी मागं मागं.

"सर, तुमच्या घरी दिवाळीला पाव्हनं येत्यात का?"

"येतात ना, मामी."

"त्यांची यादी दाराला लावता का?"

सरांनी हातातली यादी टेबलावर ठेवली. ती पुढं म्हणाली, "मेस चालू हाय, एवढंच लावा. ज्याला ऱ्हायचं त्यानं ऱ्हावं, घर आसंल त्यानं आन् नसंल त्यानं. का ऱ्हायला, हे इचारायचं न्हाई. इचारलं की ते पोरगं पुन्हा कुलूप लावून घेईल."

शिंदे सरांनी तयार झालेला तो फलक स्वतःच्या हातानं काढून टाकला. मोठा माणूस. त्यानंतर त्यांनी दुसरं काम केलं, तेही फोटो न काढता. नगरात घर असलेल्या चार-दोन मुलामुलींना सांगितलं, तुम्हीही एक-दोन रात्री इथंच राहा. त्यामुळे पुढच्या दिवाळीला कोण घर असून राहिलंय आणि कोण नसून, हे वॉचमनलाही कळेना.

त्याच दिवाळीत, नरकचतुर्दशीला, आशाचे वडील आले.

ती तिसऱ्या वर्षाला होती. पंगत चालू होती, तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. मुकादमाची जीप. मुकादम आतच बसून राहिला, वडील खाली उतरले. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, डोक्याला टॉवेल, तोंडावर दिवाळीचं काही नाही. आशाच्या हातातला घास हातातच राहिला. मी वाढायचं थांबलो. आता कोण काय बोलणार, मला सुचेना.

कौसाला सुचलं. तिनं पाट टाकला. "या दादा. हात धुवा. आधी खा, मग काय ते बोला."

माणूस जेवायला बसला. आशापासून दोन ताटं पलीकडे. पलीकडे सोपान, अलीकडे रेक्टर मॅडम, त्याही मांडी घालून जमिनीवर. त्यांनी आशाच्या वडिलांच्या पानात लोणचं वाढलं. ते संकोचले. मग हळूहळू आजूबाजूला बघायला लागले: दिवे चालू, दारं उघडी, मोठी माणसं हजर, पोरी हसतायत. त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

जेवण झाल्यावर ते भटारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"मला वाटलं, हाटेल बंद," ते कौसाला म्हणाले. हॉस्टेलला ते हाटेल म्हणत. "गावातली मानसं म्हनली, दिवाळीत समदं बंद ऱ्हातं. मग तुजी पोरगी ऱ्हाती कुठं? बापानं काय सांगायचं, मामी? मला झोप न्हाई लागायची."

"आता बघितलं न्हवं?"

"बघितलं." ते जीपकडे बघत राहिले. "पर मुकादमाला काय सांगू?"

कौसा म्हणाली, "सांगा, मेस चालू हाय. विद्यापीठ सोडत न्हाई."

त्यांनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं, परीक्षेला चाललेल्या पोरासारखं. मग फाटकाशी गेले. मी लांबून बघत होतो. मुकादम मोठ्यानं काही बोलला. वडिलांनी हात हलवून मेसच्या धुराड्याकडे दाखवलं. पुन्हा तो बोलला, पुन्हा यांनी धुराड्याकडे बोट केलं. शेवटी जीप वळली. वडील आशाशी काही न बोलताच जीपमध्ये बसले, पण जाताना त्यांच्या मांडीवर चकल्यांचा डबा होता. तो कौसानं कधी दिला, मला दिसलंच नाही.

आशा पास झाली, पुढं बी. एड. केलं, आता शेवगावकडे शाळेत शिकवते, आणि दिवाळीला एक दिवस तरी मेसवर येतेच. तिचं लग्न तिच्या पसंतीनं, वडिलांच्या हजेरीत झालं.

आज विद्यापीठाचं सर्वसमावेशकतेचं धोरण चांगल्या कागदावर छापलेलं आहे. त्यात एक ओळ आहे की वसतिगृहं आणि भोजनगृहं दिवाळीच्या सुट्टीत खुली राहतील आणि राहण्याचं कारण विचारलं जाणार नाही. ही ओळ कुठून आली ते त्यात लिहिलेलं नाही. लिहायला नकोच. मला माहीत आहे, बास. कौसाला मी ती वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "चकलीचं न्हाई का लिवलं?"

साखरेनं आधी तिचा पाय नेला, मग तिला. नगरच्या दवाखान्यात होती तेव्हा आमच्या मेसवर जेवलेली पोरंपोरी आळीपाळीनं डबा आणायची. ती डब्याचं झाकण उघडून आधी वास घ्यायची आणि मला सांगायची, हिनं हळद जास्त टाकलीय. शेवटच्या दिवशीही डबा होता. तो मी नंतर तसाच घरी आणला.

गेली दिवाळी तिच्याशिवाय पहिली. मुलगा चाकणला कंपनीत, त्यानं बोलावलं. मुलीनं पुणतांब्याहून बोलावलं. मला दोन्हीकडे जायचं नव्हतं. तिथं सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलणार, आणि मला त्याचा राग येणार. मुलाला सांगितलं, मुलीकडे चाललोय. मुलीला सांगितलं, मुलाकडे. शेजारणीला सांगितलं, गावाला. तिच्या देखत पुढच्या दाराला कुलूप लावलं, पिशवी घेतली, आळीला वळसा घातला आणि मागच्या दारानं घरात आलो.

दोन दिवस तसाच होतो. गॅस पेटवला नाही. शेजारी लाडू वळत होते, वास येत होता. मी शेंगा खाल्ल्या. आंघोळ मात्र चुकवली नाही, ती कधी चुकवली नाही.

पाडव्याला दुपारी दार वाजलं. मी जागचा हललो नाही. बाहेर शेजारीण कुणाला तरी सांगत होती, "न्हाईत गं, गावाला गेलेत." मग तिचं दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, आलेलं माणूस गेलं.

"मामा," खिडकीपाशी आशाचा आवाज आला. "टावेल वला हाय."

मी बघितलं. खिडकीत आतल्या अंगाला माझा टॉवेल लोंबत होता. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं.

मी टॉवेल ओढून घेतला. तिनं काही विचारलं नाही. का लपलात, जेवलात का, मामीची आठवण येते का, काही नाही. जराशानं म्हणाली, "मेसवर चकल्या चालल्यात. नवा आचारी हाय. तेलात टाकली की इरघळती. मघापासून तीन घाणे वाया गेले. पोरं बसून हायेत."

"भाजणी घरची हाय का इकतची?"

"घरची."

"मग मोहन जास्त झालं आसंल. पीठ वाढवा म्हनावं."

"मला न्हाई जमायचं सांगायला. तुमीच सांगा."

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आशाला ते माहीत होतं, आमच्याकडे ती कितीदा तरी त्या दारानं आलेली. पण ती पुढंच, कुलपासमोर, उभी राहिली.

मी उठलो. आतल्या खोलीतून कौसाचा सोऱ्या घेतला, पिशवीत टाकला. मग पुढच्या दाराशी खाली वाकलो आणि दाराखालून किल्ली बाहेर सरकवली.